अ‍ॅन्सेलचा निरोप, माझ्याकडे राहिलेला

१९ ऑगस्ट, मंगळवार

माफ कर, वही. व्हनिटानं तुला नाताळात ओहायोहून पाठवलं. म्हणाली होती, बाबा, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं हलकं राहतं. जानेवारीत बर्फ होतं, बोटं वळत नव्हती. मार्चमध्ये बटाटे लावले. मग ओढ्याला पाणी आलं, मग गवत वाढलं, मग पोट बिघडलं. बघता बघता ऑगस्ट आला. उशीर झाला खरा, पण कोऱ्या पानांना कुठे भूक लागते.

आजपासून नेमानं लिहिणार. लिहिण्यासारखं विशेष काही नाही. मन साफ आहे. एक निरोप तेवढा सांगायचा राहिलाय, तो उद्या सांगून टाकतो.

काल पशुखाद्याच्या दुकानात व्हर्लीन कूम्ब्स भेटली. आमच्या पाइन लिक गावचा ब्लूग्रास गाण्यांचा मेळा तीच चालवते. स्टेज, माइक, गाड्या लावायचं कुरण, संडास, सगळं तिच्याकडे. तिनं मला पोत्यांच्या आडोशाला नेलं आणि म्हणाली, हॉबर्ट, यंदा शनिवारी तुम्ही स्टिडम बंधू नकोत. यंदा रविवारी सकाळी, भजनांच्या वेळी, अ‍ॅन्सेलला गाऊ दे. वरचा सूर टॅम्सी धरेल. तू मागे उभं राहून मॅन्डोलिन वाजव. आणि हे अ‍ॅन्सेलला तूच सांग. मी सांगितलं तर तो हॉबर्टशिवाय नाही म्हणेल. तू स्वतः म्हणालास तरच तो ऐकेल.

मी म्हणालो, सांगतो की. त्यात काय एवढं.

अ‍ॅन्सेल माझा थोरला भाऊ, ओढ्यापलीकडे राहतो. टॅम्सी त्याची मुलगी, शाळेची बस चालवते. अ‍ॅन्सेल खालचा सूर धरतो, मी वरचा. मिसरूड फुटलं तेव्हापासून.

मागे उभं राहून. व्हर्लीन हे अगदी सहज म्हणाली. मलाही त्याचं काही वाटलं नाही. कोंबड्यांचा मका मात्र दुकानातच विसरून आलो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काल सांगायला निघालो होतो. ढग आले होते. परत आलो. पाऊस पडला नाही.

नीट विचार केला. अ‍ॅन्सेल सत्त्याहत्तर वर्षांचा. रक्तदाब. अशा माणसाला एकदम असं काही सांगणं बरं नाही. हळूहळू मनाची तयारी करून घेतली पाहिजे. ती मी करीन.

शिवाय त्याचा आवाज. आमच्याकडे रिवाज असा की गाणं कुठल्या पट्टीत धरायचं ते वरचा सूर धरणारा ठरवतो. वडील बी पट्टीत गायचे, ती उंच. त्यासाठी गिटारच्या मानेवर चौथ्या घरात चिमटा लावायचा. काही वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की अ‍ॅन्सेलला बी झेपत नाही. त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं. मी त्याला सांगून चिमटा दुसऱ्या घरावर आणला. पुढे काढूनच टाकला. आता आम्ही जी पट्टीत गातो, एकदम खाली. चिमटा माझ्या खिशात असतो, हरवू नये म्हणून. माझ्या गळ्याला कुठलीही पट्टी चालते. हे सगळं त्याच्यासाठी.

एवढ्या खाली त्याचा आवाज रांजणातून आल्यासारखा येतो, असं लोक म्हणतात. वय झालं त्याचं. गेल्या वर्षी आमच्या गाण्याच्या वेळी निम्मे लोक उठून तळलेल्या बलोनीच्या, म्हणजे मांसाच्या चकत्यांच्या, गाड्याकडे गेले. वारा तिकडून होता आणि तो माणूस कांदा तळत होता. कांद्यापुढे कोण बसून राहील.

निश्चय: रविवारी जेवायला त्याच्याकडे जायचं आहे, तेव्हा सांगायचं.

२४ ऑगस्ट, रविवार

प्रार्थना आटोपून अ‍ॅन्सेलकडे गेलो. त्यानं घेवडा शिजवला होता आणि मक्याचा पाव केला होता. जेवलो. पडवीत बसलो. मी घसा साफ केला. एवढ्यात तोच म्हणाला, बब, व्हर्लीन यंदा काही बोलली नाही. शनिवारी दुपारीच ना आपलं.

मी तोंड उघडलं ते सांगायलाच. पण तोंडातून निघालं, व्हर्लीननं यंदा आपल्याला घेतलं नाही.

हे कसं झालं ते मला कळत नाही. एका परीनं खोटंही नाही. 'आपल्याला' घेतलेलंच नाही तिनं.

अ‍ॅन्सेलनं कुत्र्याला पावाचा तुकडा टाकला. मग म्हणाला, बरं झालं. ऐकून ऐकून लोकही कंटाळले असतील. आत गेला, गिटार पेटीत ठेवली आणि पेटी पलंगाखाली सरकवली. मी बघत होतो. पेटी पूर्ण आत जाईना, तेव्हा त्यानं पायानं लोटली.

पोटात जळजळतंय. घेवडा जड असतो.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी अ‍ॅन्सेलला टोमॅटो नेऊन दिले. चांगले चांगले निवडून. तो म्हणाला, माझ्याकडे आहेत. मी म्हणालो, असू देत.

निश्चय: रोज सकाळी गोठ्यात गळा तयार करायचा. व्हिनेगर, मध, गरम पाणी. तीन आठवड्यांत बी पट्टी पक्की झाली तर व्हर्लीनला स्वतःच कळेल की टॅम्सीची गरज नाही, आणि मग कुणाला काही सांगायचा प्रश्नच राहणार नाही.

आज पहिला दिवस. वरचा सूर लावला. शेजारच्या पहिल्यार्डच्या गाढवानं साथ दिली. ते माझ्याहून वर गेलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गळा चार दिवसांत बसला. व्हिनेगर जास्त झालं असणार.

सकाळी पत्रपेटीपाशी उभा होतो. टॅम्सीनं बस थांबवली, मुलांसकट. दार उघडून म्हणाली, काका, सांगितलं का बाबांना? व्हर्लीन म्हणालीय मी मध्ये बोलायचं नाही, तुमच्या तोंडूनच जाऊ दे. म्हणून गप्प आहे. मला गप्प राहणं जमत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मी म्हणालो, सांगितलं.

मग काय म्हणाले?

मी म्हणालो, विचार करतोय. तू विषय काढू नकोस, बिथरेल.

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मागून एका पोरानं दुसऱ्याला दप्तरानं बडवलं, म्हणून ती वळून ओरडली. पलीकडच्या डोंगरावरून आवाज परत आला. बसमध्ये ओरडून ओरडून गळा असा झालाय तिचा. आमच्या वेळी लोक देवळात जाऊन गळा तयार करायचे.

दुपारी अ‍ॅन्सेलच्या पडवीची मोडकी पायरी दुरुस्त करून दिली. तो म्हणाला, चार वर्षं मोडकी आहे ती. मी म्हणालो, म्हणूनच.

२ सप्टेंबर, मंगळवार

निरोप आज सांगणार होतो. हात रिकामे कसे न्यायचे, म्हणून माझी झुलती खुर्ची नेली. माझी बायको ऑर्फा गेल्यापासून त्या खुर्चीत मी कुणाला बसू दिलेलं नाही. अ‍ॅन्सेलला म्हटलं, ठेव ही, तुझ्या पाठीला बरी. वर माझी चांगली टोपीही दिली, लग्नाप्रसंगाची.

त्यानं टोपी हातात घेऊन बराच वेळ फिरवली. मग म्हणाला, बब, गेल्या महिन्यात तू डॉक्टरकडे गेला होतास. काय म्हणाला तो?

मी म्हणालो, काही नाही. पोटाचं.

पोटाचं काय?

पोटाचंच.

तो उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घराण्यात खांद्यावर हात ठेवायची पद्धत नाही, त्यामुळे मला काय करावं कळेना. मी पायरी नीट बसलीय का ते पाहिलं आणि आलो.

डॉक्टर गॅस म्हणाला होता. ते सांगायचं राहिलं.

६ सप्टेंबर, शनिवार

आयसी रिची आली. देवळातल्या बायकांची ती पुढारी. सहा थरांचा सफरचंदाचा केक घेऊन आली. म्हणाली, ब्रदर हॉबर्ट, आम्हाला कळलं. आम्ही प्रार्थना करतोय.

मी म्हणालो, काय कळलं?

ती म्हणाली, तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू. माझे वडीलही असेच. शेवटी शेवटी वस्तू वाटत सुटले होते. दाढीचा वस्तरासुद्धा देऊन टाकला.

मी 'नाही' म्हणालो नाही हे खरं. पण 'हो'ही म्हणालो नाही. बाईमाणूस एवढा केक घेऊन चढण चढून आलेली. तिला असंच परत पाठवणं शोभलं नसतं.

केक उत्तम आहे. पण दुसऱ्या घासाला पुन्हा जळजळ.

यात एक चांगली गोष्टही आहे. व्हर्लीन आज रस्त्यात भेटली आणि निरोपाचं काही विचारलंच नाही. माझा हात हातात घेतला, क्षणभर डोळे मिटले आणि निघून गेली. म्हणजे घाई नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

घाई आहे. टॅम्सी म्हणाली, रविवार चार दिवसांवर आला, बाबा हो म्हणाले की नाही?

मी म्हणालो, हो म्हणाला.

मग सराव?

मी म्हणालो, सराव कशाला, लहानपणापासून ऐकलेली भजनं आहेत, थेट माइकपाशी भेटू म्हणाला. त्याला आधी बोललेलं आवडत नाही.

तिला आनंद झाला. बसमधून खाली उतरून तिनं मला मिठी मारली. मुलं खिडकीतून बघत होती. म्हणाली, काका, तुम्ही स्वतःची जागा सोडलीत, आणि तीही अशा वेळी. मी म्हणालो, अशा वेळी म्हणजे कशा? ती रडायला लागली. शाळेला उशीर होईल म्हणालो आणि घरात आलो.

आता अ‍ॅन्सेलला सांगणं अवघड झालंय. सांगितलं तर तो विचारणार, इतके दिवस काय करत होतास. म्हणून नवा बेत. रविवारी सकाळी त्याला मासे धरायला न्यायचं. डोंगराच्या मागचं तळं. मोकळी हवा, शांतता. तिथे बसून सगळं समजावून सांगीन. भजनांची वेळ टळून गेली असेल, म्हणजे त्याच्यावर ताणही येणार नाही.

अ‍ॅन्सेलला विचारलं. वाटलं होतं, मेळ्याचा रविवार सोडून मासे कशाला असं म्हणेल. तो म्हणाला, येतो की बब. तू म्हणशील तिथे येतो. आता मला दुसरं काय काम आहे.

लगेच हो म्हणाला. त्यानं नाही म्हणायला हवं होतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मेळा सुरू झाला. कुरण गाड्यांनी भरलंय. जिकडे तिकडे लोक गाड्यांच्या मागच्या फळ्यांवर बसून वाजवताहेत. एका बाजूला बँजो, दुसरीकडे दोन फिडल, आणि आपापलं वाजवताना कान शेजाऱ्याकडे.

फाटकापाशी मोठा फळा आहे. त्यावर खडूनं लिहिलंय, रविवार सकाळ, अ‍ॅन्सेल स्टिडम आणि टॅम्सी. माझं नाव खाली, बारीक.

अ‍ॅन्सेलला मागच्या कुंपणाच्या फटीतून आत नेलं. म्हटलं, तिकडे चिखल आहे. तो म्हणाला, महिनाभर पाऊस नाही. मी म्हणालो, संडासाचा.

त्यानं माझी टोपी घातली होती. भेटेल तो त्याला नमस्कार करायचा, मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणून विचारायचा, कसं आहे. मी म्हणायचो, चाललंय. लोक अ‍ॅन्सेलला म्हणत, रविवारी ऐकायला येतो हां. मी दर वेळी मध्येच खोकायचो. खोकला ऐकून लोक आणखीच गंभीर व्हायचे आणि पुढे काही बोलायचे नाहीत. बरा उपयोग झाला.

१३ सप्टेंबर, शनिवार

दुपारी आमच्या वेळेला टेनेसीहून आलेले दोघे भाऊ गायले. तरुण आहेत. आमच्याकडे माइक एकच असतो, ज्याची पाळी तो पुढे सरकतो आणि बाकीचे मागे. पण दोघे भाऊ गातात तेव्हा कोणीच मागे सरकत नाही. गालाला गाल लावून उभं राहायचं.

अ‍ॅन्सेल खुर्चीत पुढे वाकून ऐकत होता. ते गात असताना त्याचे ओठ हलत होते. गाणं संपल्यावर म्हणाला, बी पट्टी होती.

मी म्हणालो, ए असेल.

तो म्हणाला, बी. मग थोड्या वेळानं म्हणाला, व्हर्लीनचं बरोबर आहे. मी ऐकलाय माझा आवाज गेल्या वर्षीच्या फितीवर. विहिरीत पडलेल्या माणसासारखा. तू बिचारा माझ्यामुळे बाहेर राहिलास. तुझा गळा अजून शाबूत आहे, दुसरा कोणी चांगला धरला असतास तर तुला तरी ठेवलं असतं तिनं.

मी लिंबू सरबत आणायला गेलो. रांग फार लांब होती. रांग नव्हती. मी गाड्यामागे उभा होतो.

उद्या तळ्यावर नक्की सांगणार. पाण्यात गळ टाकल्या टाकल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी तळ्यावर गेलो. दोन गळ, डबाभर गांडुळं, आयसीचा उरलेला केक. धुकं होतं. अ‍ॅन्सेल म्हणाला, किती वर्षांनी आलो आपण इथे. मी म्हणालो, हो. तो म्हणाला, तुला काही सांगायचं असेल तर सांग, बब. मी तयार आहे. मी म्हणालो, मासा लागू दे आधी.

मासा लागला नाही. डोंगरापलीकडून भजनांचे सूर यायला लागले. मी विचार केला होता की इथवर ऐकू येणार नाही. व्हर्लीननं यंदा नवे स्पीकर आणलेत.

मग गाणं थांबलं आणि व्हर्लीनचा आवाज आला. अ‍ॅन्सेल, कुठे आहात, स्टेजपाशी या.

अ‍ॅन्सेलनं गळ खाली ठेवला. म्हणाला, कोणाला बोलावतेय ती?

मी म्हणालो, या जिल्ह्यात अ‍ॅन्सेल पुष्कळ आहेत.

स्पीकर म्हणाला, अ‍ॅन्सेल स्टिडम. टॅम्सी इथे उभी आहे. हॉबर्ट, तुम्ही ऐकत असाल तर भावाला घेऊन या. तीन आठवड्यांपूर्वी निरोप दिलाय ना तुम्ही.

मी पाण्याकडे बघत होतो. मला वाटतं, तिथे एक मासा होता.

अ‍ॅन्सेल उठला. डोंगराच्या पायवाटेला लागला. मी दोन्ही गळ उचलले आणि मागून निघालो. चढणीवर त्यानं वळून न बघताच विचारलं, म्हणजे तिनं मला काढलं नव्हतं.

मी म्हणालो, तसं पूर्ण नाही.

पुढे वळणावर तो म्हणाला, आणि तू मरत नाहीयेस.

मी म्हणालो, तसं बघितलं तर सगळेच.

डॉक्टर काय म्हणाला, हॉबर्ट? एरवी तो मला बब म्हणतो.

मी म्हणालो, गॅस.

त्यानं चाल वाढवली. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण मला त्याला गाठता येईना.

कुरणात पोहोचलो तर सगळे लोक वळून आमच्याकडे बघायला लागले. टॅम्सी स्टेजवर निळ्या झग्यात उभी. मी अ‍ॅन्सेलजवळ जाऊन हळूच म्हणालो, दम लागलाय तुला, जी पट्टीत धर. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकलं. कोणाची तरी गिटार घेतली. बँजोवाल्याकडून चिमटा मागून घेतला आणि चौथ्या घरात लावला.

मग तो गायला.

मी स्टेजच्या कडेला उभा होतो, हातात दोन गळ आणि गांडुळांचा डबा. मॅन्डोलिन घरी. माझी मागे उभं राहायची जागा रिकामी राहिली. अ‍ॅन्सेलचा आवाज रांजणातून आला नाही, विहिरीतूनही नाही. वडिलांच्या पडवीत यायचा तसा आला, सरळ, समोरचा डोंगर ओलांडून जाणारा. टॅम्सीनं त्याच्यावर सूर ठेवला. तो सूर कुठे ठेवायचा हे मला पाठ होतं. तिथपर्यंत माझं मन गेलं, गळा गेला नसता.

बलोनीच्या गाड्याकडे कोणी गेलं नाही. कांदा तळणारासुद्धा हातात उलथनं घेऊन पुढे येऊन उभा होता. आज वारा दुसरीकडून असावा.

गाणं संपलं. लोक उभे राहिले. तेव्हा व्हर्लीननं माइक घेतला आणि म्हणाली, हे ज्यांच्यामुळे झालं त्यांनाही उभं राहून दाद द्या. स्वतःचे दिवस भरत आलेले असताना ज्यांनी आपली जागा पुतणीला दिली, ते हॉबर्ट.

सगळे माझ्याकडे वळले. टाळ्या थांबेनात. बायका रडत होत्या. अ‍ॅन्सेल माइकपाशी उभा होता, तोंड उघडलं असतं तर अख्ख्या खोऱ्याला ऐकू गेलं असतं. त्यानं उघडलं नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिला.

काहीतरी करणं भाग होतं. टोपी काढून हलवावी म्हटलं तर टोपी अ‍ॅन्सेलच्या डोक्यावर. मी दोन्ही गळ वर केले.

१५ सप्टेंबर, सोमवार

वारा दुसरीकडून नव्हता.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी दार उघडलं तर पडवीत झुलती खुर्ची. तिच्यावर टोपी. टोपीत टोमॅटोची पिशवी, धुतलेली. अ‍ॅन्सेल कधी येऊन गेला कळलं नाही. कुत्राही भुंकला नाही, तो त्याला ओळखतो.

पायरी तेवढी उखडून आणली नाही. वाट बघत होतो.

दरम्यान लोक येताहेत. आणखी तीन केक, एक कोंबडी, एक विणलेलं पांघरूण. पहिल्यार्डनं गवत कापून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, गाढवाचा त्रास होत असेल तर बांधून ठेवतो, शेवटच्या दिवसांत शांतता हवी.

निश्चय: रविवारी देवळात उभं राहून सगळं सांगायचं.

२१ सप्टेंबर, रविवार

उभा राहिलो. सगळ्यांनी माना खाली घातल्या, त्यांना वाटलं निरोप घेतोय. मी म्हणालो, बंधूंनो, भगिनींनो, मी मरत नाहीये.

कोणीतरी म्हणालं, आमेन.

मी म्हणालो, तसं नाही. खरंच मरत नाहीये. गॅस आहे. आणि अ‍ॅन्सेलचा निरोप मी त्याला दिलाच नव्हता, त्याला म्हणालो होतो की तुला काढलंय. एवढं बोललो आणि बसलो. बसताना बाक करकरला.

माना एकेक करून वर आल्या. मग आयसी रिची मागच्या बाकावरून म्हणाली, केकचं ताट माझ्या आजीचं आहे, ते लागेल.

अ‍ॅन्सेल त्याच्या नेहमीच्या जागी बसला होता. भजन सुरू झालं तेव्हा गायला, बी पट्टीत. मी फक्त ओठ हलवले. बाहेर आल्यावर तो थांबेल असं वाटलं. तो पिकअपमध्ये बसून निघून गेला. टॅम्सी थांबली. तिनं मिठी मारली नाही. म्हणाली, काका, व्हर्जिनियातल्या एका मेळ्यानं बाबांना आणि मला बोलावलंय. पुढच्या शनिवारी. मी विचारलं, मॅन्डोलिन कोण वाजवतंय? ती म्हणाली, ते बाबांना विचारा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज इथे स्वतःसाठी लिहीत नाही. हे पान फाडून सकाळी टॅम्सीच्या बसमध्ये देणार आहे.

अ‍ॅन्सेल, मी स्वतःच आलो असतो, पण गुडघा दुखतो. गुडघा दुखत नाही. ओढ्याच्या पुलापर्यंत दोनदा येऊन परत गेलो. तुझ्या पडवीत तू बसलेला दिसत होतास.

तुझी तब्येत जपायला म्हणून निरोप दिला नाही, असं मी इतके दिवस लिहीत आलोय. तू वाचलंस तर हसशील. तुझा आवाज चांगला होता. वर चढायचा नाही तो माझा होता. खाली तुला मी आणलं आणि तू मुकाट्यानं आलास, कारण पट्टी मी ठरवायची असते. त्या शनिवारी तू मला बिचारा म्हणालास. ते माझ्या पोटातून जात नाही. त्यावर डॉक्टरकडे गोळी नाही, विचारून आलो.

शनिवारी व्हर्जिनियाला मॅन्डोलिन लागणार असेल तर मी येतो. गाणार नाही. मागे उभा राहीन. गाडीत मागे बसलो तरी चालेल. न्यायचं नसेल तर तसं कळव, मला वाईट वाटेल पण कळू दे. फक्त काहीच न कळवता राहू नकोस, ते सोसवत नाही. टॅम्सीजवळ निरोप दे, ती पोहोचवते. बसच्या वेळेला मी पत्रपेटीपाशी उभा असतो, आजही आहे, उद्याही असेन. लवकर कळव.